धुक्यातून दिलेली ओ

धुक्यात गं नाव माझी, कोन्या दिशेले लागली…

आईचा आवाज एवढाच यायचा. अर्धी ओळ. उरलेली अर्धी काठावरून जायची.

पौषातल्या सकाळी तळ्यावर असं धुकं उतरायचं, की शिंगाड्याचे वेल, डोंगा, आईचं लाल लुगडं, सगळं दुधात बुडून जायचं. आई शिंगाडे तोडायला आत आत जायची आणि काठावर तिची दोन लेकरं असायची, नऊ वर्षांचा हेमराज आणि सहा वर्षांची कुंदा. घरी सांभाळायला कुणी नव्हतं आणि पाणी दोन हातांवर. म्हणून तिनं युक्ती काढली होती. घडीघडीनं ती अर्धी ओवी धुक्यात टाकायची आणि पोरांनी मिळून ती पुरी करायची:

काठावर बाई तुझी, दोन लेकरं जागली!

ओ आली की वल्हं पुढे. ओ नाही आली की डोंगा मागे. तिला दिसत काहीच नसे. दोन आवाज ऐकू आले म्हणजे दोन जीव जागेवर आहेत, एवढाच तिचा हिशेब.

त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. तळ्याचं अर्धं पाणी आटलं, उरलेल्या अर्ध्यावर सौरपट्ट्या तरंगू लागल्या. आई गेली. हेमराजही गेला. कुंदा पचारे साकोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्या विसळता विसळता अजून कधी तरी तिच्या ओठांवर ती पहिली अर्धी ओळ यायची. दुसरी मात्र ती मनातही म्हणत नसे. दोघांनी मिळून म्हणायची ओळ एकटीनं कशी म्हणायची?

हेमराज लाइनमन होता. दिवसभर विजेच्या खांबांवर आणि संध्याकाळी विज्ञानकथांत. वीस वर्षांपूर्वी त्यानं आणि महाराष्ट्रभरच्या पाच-सहा वेड्यांनी मिळून इंटरनेटवर एक जागा सुरू केली. कथा एकच, लिहिणारे अनेक. कथेतलं जग हेमराजचं होतं. त्याचं नाव धुकग्रह. तिथं जमीन नाही, नुसतं पाणी आणि धुकं. माणसं नावांमध्ये जन्मतात, नावांमध्ये म्हातारी होतात, एकमेकांना कधी दिसत नाहीत आणि एकमेकांच्या हाकांना धरून जगतात. लिहिण्याचा नियमही त्यानंच घातला. प्रत्येकानं आपलं प्रकरण अर्ध्या वाक्यावर सोडायचं, पुढच्यानं ते वाक्य पुरं करायचं आणि मग आपलं सुरू करायचं. दही संपवताना वाटीच्या तळाशी चमचाभर मागे ठेवतात ना, तसं. म्हणून त्या जागेचं नाव पडलं 'विरजण'. "आपल्या आनंदावर आपणच विरजण घालतो," हा तिथला जुना, झिजून गुळगुळीत झालेला विनोद.

दुसरा नियम असा, की खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. गाव नाही, वय नाही, बाई की बुवा तेही नाही. हेमराज तिथं 'पाणकावळा' होता. कुंदा होती 'टिटवी'. ती लिहीत नसे. सूचना टाकायची, कुणाचं प्रकरण रखडलं की टोचायची. पाणकावळ्याची जोडी जमली ती 'सुकाणू' नावाच्या कुणाशी. त्यानं सोडलेलं अर्धं वाक्य सुकाणूनं उचलावं, सुकाणूचं त्यानं. अकरा वर्षं हे चाललं. एकमेकांचा चेहरा ठाऊक नाही, पण दुसऱ्याचा श्वास कुठं संपणार ते ठाऊक.

मग भाद्रपदातल्या एका दुपारी हेमराज खांबावरून खाली उतरला, कडुनिंबाखाली पाणी प्यायला बसला आणि उठलाच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुंदा त्याच्या चपला आणि त्याचा फोन धरून बसली होती. फोन हातात थरथरला. सुकाणूचं प्रकरण आलं होतं. त्याचं शेवटचं अर्धं वाक्य असं:

'धुकं इतकं दाट झालंय की माझंच वल्हं मला दिसत नाही. तू तिकडे असलास तर एवढंच सांग, की…'

आत भावाला पांढऱ्या चादरीत गुंडाळत होते आणि बाहेर कुणी तरी धुक्यातून हाक घालत होतं. कुंदानं विचार असा केलाच नाही. अर्धी ओळ आली की पुरी करायची, हे तिच्या हाडात होतं. तिनं लिहिलं:

'मी आहे. काठावरच आहे. तू वल्हव.'

उद्या खरं सांगू, असं तिनं ठरवलं. मग तेरवीनंतर. मग दिवाळी होऊन जाऊ दे. दर महिन्याला सुकाणूची अर्धी ओळ यायची आणि कुंदा पाणकावळ्याच्या नावानं ती पुरी करायची. लिहिताना भाऊ शेजारी बसल्यासारखा वाटे. उदबत्तीसारखा नाही, घामाचा आणि तांब्याच्या तारेचा वास येई. न सांगण्याचं कारण आधी सुकाणूबद्दलची दया हे होतं. पुढे पुढे तो वास हेच कारण झालं.

अशी नऊ वर्षं गेली.

*

"टिटवे, बसलीयस का उभी हायस?"

"उभीच आहो. ब्युरेट धुतो आहो."

"मग ती नळी आधी खाली ठेव. फोडशील."

फोनवर रुखसाना मुजावर होती. 'विरजण'वरची 'शून्यमावशी'; छपाईच्या कामापुरती दोघींनी खरी नावं आणि नंबर दिले-घेतले होते. कोल्हापूरला भाषेचं संगणकशास्त्र शिकवायची. विसाव्या वर्षी धुकग्रहाचं पुस्तक छापायचं ठरलं होतं आणि अलीकडे कुठलाही प्रकाशक 'ठसा' उमटल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नसे. बाजारात यंत्रांनी लिहिलेल्या पुस्तकांचा इतका गाळ साचला होता, की हे माणसानं लिहिलंय याचा दाखला लागायचा. तो दाखला देणारं यंत्र ज्यांनी घडवलं, त्यांत रुखसाना होती. पुस्तकात टोपणनावापुढे प्रत्येकाचं खरं नाव छापायचं, हेही सगळ्यांनी 'विरजण'वर हाताची खूण टाकून ठरवलं होतं. कुंदानं हात वर केला नव्हता. खालीही ठेवला नव्हता.

ठशाचं शास्त्र रुखसानानं तिला मागेच समजावलं होतं. माणूस लिहिताना शब्द निवडतो, पण वाक्य कुठं थांबतं, किती मात्रांनी वळतं, 'तर' आणि 'च' कुठं पडतात, हे तो निवडत नाही. ते त्याच्याकडून होतं. या लयीचे दोन थर असतात. वरचा थर शाळा, नोकरी, वाचन यांनी बदलत राहतो. खालचा थर मात्र सहा-सात वर्षांचं होईस्तोवर बसतो आणि मग मरेपर्यंत हलत नाही. मूल बोलायला लागण्याआधी आणि लागताना ज्या आवाजात न्हालेलं असतं, त्या आवाजाचा तो साका. दहा-बारा हजार शब्द वाचले की ठसा हे दोन थर वेगळे करतो. यंत्राच्या लिखाणाला वरचा थर असतो, खालचा नसतो. त्याला कुणी जोजवलेलंच नसतं.

गेला महिनाभर कुंदा याच भीतीत होती. पाणकावळ्याच्या लिखाणात दोन ठसे निघतील. नऊ वर्षांपूर्वीची शिवण दिसेल.

"निकाल आला," रुखसाना म्हणाली. "आणि तू लई लबाड हायस गं बाई!"

कुंदानं ओट्याची कडा धरली. "मी सांगणारच होती…"

"कधी सांगणार होतीस? मेल्यावर? वीस वर्षं आम्हाला टोचत बसलीस, पाळी कुणाची, पाळी कुणाची! आणि पाणकावळा तूच!"

"काय?"

"आता काय म्हणून विचारतीस? पाणकावळा पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एक माणूस. सलग. आणि टिटवीच्या सगळ्या सूचना गोळा करून घातल्या, तर त्यांचा तळही तोच. तीळभर फरक नाही. अगं, मी गटावर टाकलं पण. सगळी येडी झाल्यात आनंदानं."

"सख्ख्या भावंडांचा… येतो का एक?" कुंदानं विचारलं.

"जवळ येतो, एक येत नाही. कुणी आजीपाशी जास्त असतं, कुणी गल्लीत. अगदी एक यायचा तर दोघांनी रोज एकाच आवाजाला एका दमात उत्तर देत वाढायला पायजे. असं कोण वाढतंय? का गं?"

नळ चालू राहिला होता. बेसिनमध्ये पाणी चढत होतं.

*

फोनवर अभिनंदनांचा पूर आला. 'लबाड टिटवी', 'एका घरट्यात दोन पाखरं', 'चुलीवर एक अन् फळीवर एक, दोन्ही वाट्या हिच्याच!' त्यातच सुकाणूचा निरोप होता. आवाजात. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"अगो, म्हणजे तू बाईमाणूस! आणि मी मेली वीस वर्षं तुला 'अरे पाणकावळ्या' करत्ये. माझं नाव माणिक टेंबे, रत्नागिरी. वेधशाळेत होत्ये, आकाशात फुगे सोडायची माणसं असतात ना, त्यातली. वय अडुसष्ट. मिरजेला पुस्तकाच्या मेळाव्याला ये हो नक्की. तुला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तुझं माझ्यावर जे काही आहे, ते असं फोनवर सांगण्यासारखं नाही."

कुंदानं तो निरोप तीनदा ऐकला. खरं म्हणजे तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पकडली गेली नव्हती. यंत्रानंच तिच्या बाजूनं साक्ष दिली होती. पण काही तरी सलत होतं आणि ते काय, हे दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं पान आलं तेव्हा उमगलं.

'पाणकावळा / टिटवी: कुंदा पचारे, साकोली.'

बस. एवढंच. हेमराज कुठंच नव्हता. अकरा वर्षं खांबावरून उतरून, हाताला चिकटलेली ग्रीस पुसून ज्यानं धुकग्रह घडवला, तो मेला नव्हता. तो कधी झालाच नव्हता. मरणानंही त्याचं नाव शिल्लक ठेवलं होतं. बहिणीच्या ओनं ते पुसलं.

तिनं सुट्टी टाकली आणि सगळी प्रकरणं पहिल्यापासून वाचायला घेतली. हे भावाचं, हे माझं, असं लाल-निळ्या पेन्सिलीनं वेगळं करू लागली. तारखांनी खुणा करता येत होत्या, पण तारीख झाकली की हात अडायचा. 'पाण्याला पाठ नसते, म्हणून ते कुणाकडे पाठ फिरवत नाही' हे कोण म्हणालं होतं? त्यानं लिहिलं होतं, की तिनं? तिला त्याचा हात आठवे, लिहितानाचा. मग आठवे की तो हात तिचाच होता.

चौथ्या दिवशी रुखसानानं भेट म्हणून एक ध्वनिफीत पाठवली. सोबत दोन ओळी: 'तुझा तळठसा. शब्द न्हाईत, सूर न्हाईत, नुसती लय. संगणकाला गुणगुणायला लावलीया. ज्याची त्यानं ऐकायची असती, लोक लई रडतात म्हणं.'

दुपार होती. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कुंदानं पंखा बंद केला आणि फीत लावली.

आधी नुसती घरघर. मग मिटल्या ओठांनी कुणी तरी गुणगुणावं तसा एक हेलकावा. वर गेला, थोडा रेंगाळला, खाली आला. थांबला.

तो थांबा लांब होता. फीत बिघडली असं वाटण्याइतका. मग पुन्हा तोच हेलकावा, पुन्हा तेवढाच थांबा. तिसऱ्या वेळी कुंदा ओठांनीच मात्रा मोजू लागली. तो थांबा बिघाड नव्हता. ती जागा होती. बरोबर एका अर्ध्या ओळीची जागा, 'काठावर बाई तुझी' पासून 'जागली' पर्यंतची. यंत्रानं आईला शोधून काढलं होतं आणि आई धुक्यात थांबून वाट बघत होती.

आणि मग तिला ती सकाळ आठवली, जी तिनं इतकी वर्षं आठवली नव्हती.

त्या सकाळी हेमराज पाणकोंबडीचं घरटं शोधायला सांडव्याकडे निघून गेला होता. आईची ओळ आली. कुंदा एकटी. तिनं आपल्या आवाजात ओ दिली आणि घसा दाबून भावाच्या आवाजातही दिली. आई फसली. ऊन वर येईस्तोवर तोडत राहिली. डोंगा काठाला लागला तेव्हा काठावर एकच लेकरू. हेमराज सापडला, सांडव्याच्या पलीकडे, छातीपर्यंत भिजलेला, घरटं डोक्यावर धरलेला. आईनं त्याला नाही मारलं. कुंदाला मारलं. आयुष्यात एकदाच. आणि मारून मग तिलाच छातीशी धरून म्हणाली, "त्याचा आवाज तू काढू नको वं, बाई! तो तिकडे बुडाला असता, अन् मी इकडे गात राह्यली असती."

फीत चालूच होती. हेलकावा, आणि थांबा. हेलकावा, आणि थांबा.

कुंदानं तोंड उघडलं. ओ फुटली नाही.

*

मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल घेतला होता. खाली कुणी तरी तारा लावत होतं. एक तार वर चढायची, सुरापाशी यायची आणि पुन्हा उतरायची.

एकतीस जण आले होते. कुणाच्या छातीवर नावाची चिठ्ठी नव्हती, कारण ओळख पटवण्याची रीत पुस्तक छापायचं ठरलं तेव्हाच ठरली होती. प्रत्येकानं उठायचं, आपण कधी काळी सोडलेलं एक अर्धं वाक्य म्हणायचं. ज्यानं ते पुरं केलं होतं, त्यानं बसल्या जागेवरून पुरं करायचं. एक टक्कल पडलेला बँकवाला उठला, अर्धी ओळ म्हणाला आणि मागून एका नऊवारीतल्या बाईनं ती पुरी केली. "अरे देवा, तुम्ही? मी तर तुम्हाला कॉलेजातलं पोर समजत होते!" "आणि मी तुम्हाला फौजदार!" हॉल हसून लोळत होता.

पाणकावळ्याचा मान म्हणून रुखसानानं सगळ्यांदेखत पुस्तकाची पहिली प्रत कुंदाच्या मांडीवर ठेवली. "छपाई उद्या सुरू. काय बदलायचं असलं तर आजच बोल बाई. मग न्हाई."

कुंदानं प्रत उघडली नाही. आत काय आहे ते ठाऊक होतं. काय नाही तेही.

मग पहिल्या रांगेतून एक वाळकी, ताठ म्हातारी उठली. उठताच तिनं सवयीनं खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. ढग मोजल्यासारखं.

"मी सुकाणू," ती म्हणाली. "वाक्य म्हणण्याआधी थोडं सांगत्ये. चालेल ना? नऊ वर्षांपूर्वी आमचे हे गेले. त्याच महिन्यात वेधशाळेतलं माझं काम यंत्राकडे गेलं. फुगा सोडायलाही माणूस लागेना. एका दुपारी मी ठरवलं, की पुरे आता. सगळंच पुरे. शेवटचं म्हणून एक प्रकरण लिहिलं आणि उत्तर यायच्या आत फोन बंद करणार होत्ये." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "बंद करायच्या आतच उत्तर आलं. म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. ते ज्यानं… जिनं दिलं, ती इथं बसल्येय. तिच्या तोंडून ते एकदा ऐकायचं, एवढ्यासाठी रत्नागिरीहून आल्ये."

हॉलमधलं हसू विरलं. सगळ्यांच्या माना कुंदाकडे वळल्या. माणिकताईंनी डोळे मिटले आणि आवाज थोडा लांबवून, हाक घालावी तसं म्हटलं:

"धुकं इतकं दाट झालंय की माझंच वल्हं मला दिसत नाही. तू तिकडे असलास तर एवढंच सांग, की…"

थांबा आला.

कुंदा उठली. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पुस्तकाच्या मागच्या पानावर तेच छापलेलं होतं. सहा शब्द. म्हटले की टाळ्या पडल्या असत्या, म्हातारी येऊन गळ्यात पडली असती, आणि त्या मिठीत हेमराज कायमचा बुडाला असता. नाही म्हटले तर जिच्या पायाखाली हे सहा शब्दच काठ होऊन राहिले होते, तिच्या पायाखालचा काठ काढून घ्यायचा. दोन्हीकडे पाणीच.

खाली तार पुन्हा सुरापाशी येऊन अडली.

माणिकताईंचे डोळे मिटलेलेच होते. मान किंचित कललेली. धुक्यात डोंगा थांबवून ऐकणाऱ्या बाईची मान अशीच असणार, हे कुंदाला त्या क्षणी कळलं. सहा वर्षांची असताना तिनं ती कधी पाहिली नव्हती. धुकं होतं ना मध्ये. त्या बाईनं 'माझं लेकरू आहे' एवढंच ऐकायचं म्हणून हाक नव्हती घातली. आहे की नाही, ते खरं कळावं म्हणून घातली होती.

"की मी आहे," कुंदा म्हणाली. "पण मी तो नाही, ताई."

माणिकताईंनी डोळे उघडले.

"हेमराज नाव होतं त्याचं. हेमराज पचारे. माझा भाऊ. खांबावर चढायचा. तुमचा पाणकावळा तो. धुकग्रह त्याचा, हे विरजण त्याचं. तुम्ही हे वाक्य लिहिलं ना, त्याच दुपारी तो गेला. मी दवाखान्यात त्याच्या चपला धरून बसली होती आणि तुमची हाक आली." तिनं हातातलं पुस्तक छातीशी घट्ट धरलं. "वीस वर्षं ओ एकाचीच वाटली तुम्हाला. यंत्रालेही तसंच वाटलं. पण त्या दिवसापासून ओ मीच देत आली, माणिकताई. एकटीच."